भिजते घोंगडे आणि ४७ टन सोने

जुलै १९९१ मध्ये, ४ ते १८ तारखेच्या दरम्यान, रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ४६.९१ टन सोने चार खेपांमध्ये मुंबईहून विमानाने लंडनला रवाना झाले. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान या दोन मध्यवर्ती बँकांकडून मिळणाऱ्या सुमारे ४०.५ कोटी डॉलरच्या कर्जासाठी ते तारण होते. नुसत्या कागदावर तारण लिहून देण्याइतकी पत त्या वेळी भारताकडे उरली नव्हती, त्यामुळे सोने प्रत्यक्ष उचलून परदेशात आणून ठेवावे, अशी धनकोंची अट होती. विमानतळाच्या वाटेवर एका गाडीचा टायर फुटला आणि पहाऱ्यावरच्या लोकांची काही काळ चांगलीच धावपळ उडाली, हा किस्सा पुढे अनेकदा सांगितला गेला. घरातले सोने सावकाराकडे ठेवण्याची वेळ येणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे ही बातमी वृत्तपत्रांत फुटली तेव्हा बसलेला धक्का ४०.५ कोटी डॉलर या आकड्याच्या मानाने कितीतरी मोठा होता.

या प्रसंगाची कथा बहुधा जुलै १९९१ पासून सुरू केली जाते: पी. व्ही. नरसिंह राव आणि डॉ. मनमोहन सिंग आले, त्यांनी खंबीर निर्णय घेतले आणि देश सावरला. ही कथा खोटी नाही. पण ती मधूनच उघडलेल्या वहीसारखी आहे. सोने विमानात चढण्याआधीच्या १२ महिन्यांत काय करायला हवे होते हे दिल्लीत आणि मुंबईत पुरेशा लोकांना माहीत होते, ते लिहून ठेवलेले होते, आणि तरीही ते झाले नाही. या प्रकरणाचा मुख्य विषय तो न झालेला भाग आहे. जुलैमधल्या निर्णयांची थोरवी किती आणि त्यांचे श्रेय नेमके कशाला द्यायचे, हे त्याशिवाय ठरवता येत नाही.

दुखणे जुने होते. केंद्र सरकारची राजकोषीय तूट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६ टक्के होती, ती १९९०-९१ मध्ये ८ टक्क्यांच्या पुढे गेली. चालू खात्यावरील तूट, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या व्यापार आणि तत्सम व्यवहारांतली तूट, अडीच टक्क्यांहून अधिक झाली आणि ती भागवण्यासाठी अल्पमुदतीची व्यापारी कर्जे आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी यांवर भिस्त ठेवण्यात आली. या दोन्ही गोष्टींचा स्वभाव असा की विश्वास आहे तोवर त्या न मागता येतात आणि विश्वास डळमळला की एकाच वेळी निघून जातात. राजीव गांधी यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात रिझर्व्ह बँकेत आणि अर्थखात्यात याची जाणीव होती. परंतु बोफोर्सनंतर कोंडीत सापडलेल्या त्या सरकारला खर्च कापण्याची उमेद राहिली नव्हती.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले. जनता दलाचे १४३ खासदार, आणि बाहेरून पाठिंबा एकीकडे भारतीय जनता पक्षाचा व दुसरीकडे डाव्या पक्षांचा. अर्थमंत्री होते राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते. त्यांच्या सचोटीबद्दल आणि संसदेतल्या अभ्यासाबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती, आणि जनता राजवटीत रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणणारा हा मंत्री निर्णयाला कचरणारा होता, असेही म्हणता येणार नाही. जून १९९० मध्ये पंतप्रधान कार्यालयातील माँटेकसिंग अहलुवालिया यांनी एक टिपण तयार केले. औद्योगिक परवाने, आयात-निर्यातीवरील बंधने, परकीय गुंतवणूक आणि राजकोषीय तूट यांत टप्प्याटप्प्याने कोणते बदल करावेत, याची त्यात मांडणी होती. सचिवांच्या पातळीवर त्याची चर्चा झाली, मग ते वृत्तपत्रांत फुटले, टीका झाली, आणि टिपण जिथे होते तिथेच राहिले. उद्योग खात्यातही त्याच सुमारास परवाने शिथिल करण्याचा प्रयत्न झाला होता. त्याला सत्तारूढ पक्षातूनच विरोध झाला.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबून एक योगायोग पाहण्यासारखा आहे. हे टिपण चर्चेत आले त्याच जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. दशकानुदशके कागदावर अडकलेल्या त्या मार्गासाठी जॉर्ज फर्नांडिस आणि मधु दंडवते यांच्या पुढाकाराने वेगळे महामंडळ उभे राहिले, चार राज्यांना भागीदार करण्यात आले, रोख्यांतून पैसा उभारण्याची वाट काढण्यात आली आणि ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रे देण्यात आली. म्हणजे तेच सरकार, तेच अर्थमंत्री, तोच डळमळीत पाठिंबा. तरीही एका बाबतीत निर्णय झपाट्याने झाला आणि दुसऱ्या बाबतीत घोंगडे भिजत पडले. फरक माणसांच्या धाडसाचा नव्हता. कोकण रेल्वेचा लाभ डोळ्यांसमोर होता आणि तिचा खर्च पुढच्या वर्षांच्या नावे खतवता येत होता. रुपयाचे अवमूल्यन किंवा खतांवरील अनुदानातली कपात यांचा चटका त्याच आठवड्यात बसणार होता आणि लाभ कोणाच्या कारकिर्दीत पदरात पडेल याची शाश्वती नव्हती. अनिर्णयाचा शोध घेताना नेत्याच्या स्वभावाआधी ही खतावणी पाहावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. काही महिन्यांत कच्च्या तेलाच्या किमती दुपटीहून वर गेल्या, आखातातून येणारा पैसा आटला, आणि १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना विमानाने मायदेशी आणावे लागले. ही कामगिरी मात्र या सरकारने उत्तम पार पाडली. ७ ऑगस्टला मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली, २५ सप्टेंबरला लालकृष्ण अडवाणी यांची रथयात्रा सोमनाथहून निघाली, २३ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली, भाजपने पाठिंबा काढला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सरकार पडले. परकीय गंगाजळी, म्हणजे देशाकडची परकीय चलनाची शिल्लक, ऑगस्टमध्ये सुमारे ३१० कोटी डॉलर होती. ती घटत असताना राजधानीचे सारे लक्ष कुठे होते, हे या तारखा पाहिल्या की कळते. सरकारने याबाबत काहीच केले नाही असे नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबरमध्ये आयातदारांवर ५० टक्के रोख अनामत लादली. अनिर्णयाच्या काळात प्रशासन असेच वागते: मूळ निर्णय वर अडकलेला असतो, म्हणून खाली जे हाती आहे ते आवळत राहायचे. एप्रिल १९९१ पर्यंत ही अनामत २०० टक्क्यांवर गेली. यंत्राचा सुटा भाग किंवा रसायन परदेशातून मागवणाऱ्या कारखानदाराने मालाच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आधी बँकेत ठेवायची, असा त्याचा अर्थ होता. अनेक कारखान्यांची चाके मंदावली ती अवमूल्यनामुळे नव्हे, अवमूल्यन टाळले गेल्यामुळे.

यानंतरचे चंद्रशेखर यांचे सरकार हे या प्रकरणातले सर्वांत बोधक पात्र आहे आणि त्याला फार कमी न्याय मिळाला आहे. साठेक खासदारांचा गट, १९७ खासदारांच्या काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा, आणि अर्थमंत्रिपदी यशवंत सिन्हा. शेपटीने कुत्रे हलवण्याचा हा प्रयोग टिकणारा नव्हता हे सगळ्यांना दिसत होते. तरीही चंद्रशेखर यांनी अर्थव्यवस्थेचे गांभीर्य ओळखले, डॉ. मनमोहन सिंग यांना सल्लागार म्हणून बोलावले आणि जानेवारी १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे १८० कोटी डॉलर मिळवले. त्या महिन्याच्या मध्यावर गंगाजळी ९० कोटी डॉलरच्याही खाली उतरली होती, त्यामुळे ही मदत म्हणजे बुडत्याला मिळालेला काठ होता. आखाती युद्धात अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू देण्याचा निर्णयही याच सरकारने घेतला आणि पाठिंबा देणाऱ्या पक्षाने आरडाओरडा केल्यावर तो फेब्रुवारीत मागे घेतला.

नाणेनिधीकडून पुढची मोठी मदत मिळायची तर तूट कमी करणारा विश्वासार्ह अर्थसंकल्प मांडणे आवश्यक होते. यशवंत सिन्हा यांची तयारी होती. परंतु या सरकारने पूर्ण अर्थसंकल्प मांडू नये, अशी काँग्रेसची भूमिका झाली. कटू अर्थसंकल्प मंजूर करून दिला तर त्याचे पाप आपल्या माथी आणि यश आले तर त्याचे पुण्य चंद्रशेखरांच्या पदरी, असा तो हिशेब असावा. ४ मार्चला केवळ लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती तात्पुरती मागणी, मांडण्यात आले. दोनच दिवसांनी, राजीव गांधी यांच्या निवासस्थानाबाहेर हरियाणाचे दोन पोलीस शिपाई पाळत ठेवताना आढळले या कारणावरून निर्माण झालेल्या तणावात, चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. देशाचा अर्थसंकल्प आणि दोन शिपाई हे एकाच आठवड्यात एकाच तराजूत तोलले गेले, हे आज वाचताना हसू येते. त्या वेळी परदेशी बँकांना ते आले नसणार. लेखानुदानाने नाणेनिधीशी बोलणी थंडावली, पतमानांकन घसरले, अल्पमुदतीची कर्जे नव्याने मिळेनात, आणि एप्रिल ते जून या तीन महिन्यांत अनिवासी भारतीयांच्या सुमारे ९५ कोटी डॉलरच्या ठेवी देशाबाहेर गेल्या. जानेवारीत नाणेनिधीकडून जे मिळवले त्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम नुसत्या अविश्वासात वाहून गेली, असा त्याचा हिशेब मांडता येतो.

निवडणुका जाहीर झाल्या, सरकार काळजीवाहू झाले, आणि येथे प्रकरणाला अनपेक्षित वळण मिळते. ज्या सरकारला बहुमत नव्हते, भवितव्य नव्हते आणि धोरणात्मक निर्णय घेण्याचा नैतिक अधिकारही संकेतानुसार उरला नव्हता, त्याने या वर्षातला सर्वांत अप्रिय निर्णय घेतला. तस्करांकडून जप्त केलेले सरकारी मालकीचे २० टन सोने भारतीय स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या युनियन बँकेला, पुन्हा खरेदी करण्याच्या हक्कासह, मे महिन्यात विकण्यात आले आणि त्यातून २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे सोने तारण ठेवण्याची पूर्वतयारीही त्याच काळात झाली. परदेशी देणे एकदाही चुकवायचे नाही, हा गव्हर्नर एस. वेंकटरमणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह होता आणि काळजीवाहू सरकारने त्याला साथ दिली. राजकीय भांडवल संपलेल्या माणसाला गमावण्यासारखे काही उरत नाही, म्हणून तो धीट होतो, असे कोणी म्हणेल. ते अंशतः खरे आहे. पण गमावण्यासारखे काही नसताना हात झटकून मोकळे होणारेही पुष्कळ असतात, ही गोष्ट चंद्रशेखर आणि सिन्हा यांच्या जमेला धरली पाहिजे.

२१ मे रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली, पण बहुमतापासून दूर राहिली. नेतेपदाच्या स्पर्धेत शरद पवार यांचे नाव होते. निवड झाली ती नरसिंह राव यांची. ती निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती आणि ते दिल्लीतला मुक्काम आवरून हैदराबादला निघण्याच्या तयारीत होते. रामटेकने त्यांना १९८४ आणि १९८९ मध्ये लोकसभेवर पाठवले होते, नागपूरला त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते आणि मराठी त्यांना उत्तम येत होती, त्यामुळे विदर्भातल्या जुन्या कार्यकर्त्यांना हा माणूस परका नव्हता. त्यांच्याविषयीची सर्वसाधारण समजूत मात्र अशी की हे विद्वान आहेत, सावध आहेत आणि कोणत्याही प्रश्नावर शेवटपर्यंत ओठ मिटून बसतात. निर्णायक नेतृत्वाचे उदाहरण शोधायला निघालेल्या कोणीही त्यांच्या दारावर थाप मारली नसती.

शपथविधीच्या आधीच मंत्रिमंडळ सचिव नरेश चंद्र यांनी त्यांच्यापुढे परिस्थितीचे टिपण ठेवले. रावांनी अर्थमंत्रिपदासाठी आधी रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आय. जी. पटेल यांना विचारले. त्यांनी नकार दिल्यावर मनमोहन सिंग यांची निवड केली. २१ जूनला सरकारचा शपथविधी झाला. गंगाजळी त्या वेळी सुमारे दोन आठवड्यांच्या आयातीपुरती होती.

यानंतरचे पहिले मोठे पाऊल होते अवमूल्यन, आणि त्यावर रेंगाळणे आवश्यक आहे. भारतीय राजकारणात हा शब्द १९६६ पासून विटाळलेला होता. त्या वर्षी ६ जूनला इंदिरा गांधी यांच्या सरकारने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला आणि परकीय दबावापुढे झुकल्याची टीका स्वपक्षातूनच ओढवून घेतली. २५ वर्षांनंतरही काँग्रेसच्या कोणत्याही मंत्र्याला ती जखम ठाऊक होती. म्हणून योजना ठरली ती दोन टप्प्यांची: पहिला टप्पा लहान, बाजाराचा अंदाज घेण्यासाठी, दुसरा मोठा, बाजाराने पुढच्या घसरणीवर सट्टा लावण्याआधी. मैदानी खेळातल्या तिहेरी उडीचे नाव तिला सांकेतिक म्हणून देण्यात आले आणि ती मूठभर लोकांपुरतीच मर्यादित ठेवण्यात आली. १ जुलैला रुपयाची किंमत प्रमुख चलनांच्या तुलनेत सुमारे ९ टक्क्यांनी उतरवण्यात आली.

अपेक्षेप्रमाणे गदारोळ झाला. विश्वासदर्शक ठराव अद्याप मंजूर व्हायचा असताना अल्पमतातल्या सरकारने एवढे मोठे पाऊल उचलावे का, हा आक्षेप तर गंभीर होता. राव अस्वस्थ झाले आणि ३ जुलैच्या सकाळी त्यांनी मनमोहन सिंग यांना दुसरा टप्पा थांबवण्यास सांगितले. अर्थमंत्र्यांनी साडेनऊच्या सुमारास मुंबईला रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांना दूरध्वनी केला. उत्तर आले की काम नऊ वाजताच झाले आहे. दोन्ही टप्पे मिळून रुपया सुमारे १८ ते १९ टक्के उतरला होता आणि डॉलर २१ रुपयांवरून २६ रुपयांच्या घरात गेला होता.

खंबीर नेतृत्वाच्या प्रत्येक गौरवकथेत हा अर्धा तास छापायला हवा. देशाच्या आर्थिक इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांपैकी एक निर्णय पंतप्रधानांना ऐनवेळी मागे घ्यायचा होता, आणि तो वाचला तो यंत्रणा घड्याळाप्रमाणे चालली म्हणून. याने रावांचे श्रेय पुसले जात नाही. ज्याने मुळात होकार दिला, अर्थमंत्र्याच्या पाठीशी उभे राहायचे ठरवले आणि निर्णय झाल्यानंतर तो नाकारला नाही, त्याच्या नावावरच तो निर्णय खतवला पाहिजे. ३ जुलैनंतर अर्थमंत्र्याचा बळी देऊन आपली कातडी वाचवण्याची वाट त्यांना मोकळी होती आणि ती त्यांनी धरली नाही. मात्र निर्णायकपणा म्हणजे मनात शंका न येणे, ही समजूत या प्रसंगाने मोडीत निघते. रावांना शंका आली होती, भीतीही वाटली होती. फरक इतकाच की निर्णय आणि अंमलबजावणी यांच्यात शंकेला शिरायला जागा उरली नाही. एक वर्ष आधी अहलुवालियांच्या टिपणाच्या बाबतीत ती जागा इतकी ऐसपैस होती की टिपण तिथे मुक्कामाला राहिले.

४ जुलैला, म्हणजे सोन्याची पहिली खेप निघाली त्याच दिवशी, वाणिज्यमंत्री पी. चिदंबरम यांनी नवे व्यापार धोरण जाहीर केले. निर्यातदारांना मिळणारे रोख साहाय्य रद्द झाले, आणि अवमूल्यनाने निर्यात आपोआप किफायतशीर झालेली असल्याने त्याचे समर्थनही सोपे झाले. हा निर्णय काही तासांत झाला असे सांगितले जाते, पण ते तास फसवे आहेत. वाणिज्य सचिवपदावर तेव्हा माँटेकसिंग अहलुवालिया होते, ज्यांनी वर्षापूर्वी सगळे लिहून ठेवले होते. औद्योगिक धोरणाचेही तसेच. त्याचा आराखडा उद्योग खात्यातील अर्थतज्ज्ञ राकेश मोहन यांच्या हातून आधीच तयार झालेला होता, आणि १९९० मध्ये उद्योग सचिव असलेले ए. एन. वर्मा आता पंतप्रधानांचे प्रधान सचिव होते. नवी माणसे, नव्या कल्पना असे काही नव्हते. जुनीच माणसे जुन्याच फायली घेऊन बसली होती. नवा होता तो त्यांवर सही करणारा.

त्यातही रावांचे कसब वेगळ्या ठिकाणी दिसते. उद्योग खाते त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. धोरणाचा मसुदा मंत्रिमंडळापुढे गेला तेव्हा नेहरूंचा वारसा मोडला जात असल्याचे आक्षेप ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतले. रावांनी मसुद्यातले कलम फारसे बदलले नाही. त्याच्या आरंभी नेहरू, इंदिरा गांधी आणि राजीव गांधी यांच्या धोरणांशी सातत्य सांगणारी प्रस्तावना जोडली, आणि तोच मजकूर मंजूर झाला. २४ जुलैला दुपारी, अर्थसंकल्पाच्या काही तास आधी, राज्यमंत्र्यांकरवी तो फारसा गाजावाजा न करता सभागृहापुढे ठेवण्यात आला. १८ उद्योग वगळता सर्वांना परवान्याची सक्ती संपली, मक्तेदारी कायद्यातली मालमत्तेची मर्यादा गेली, आणि ३४ अग्रक्रम उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला आपोआप मंजुरी मिळाली. संध्याकाळी अर्थसंकल्पाचे भाषण झाले आणि दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे अर्थसंकल्पाने भरली. छातीठोक घोषणा करून निर्णय घेणाऱ्या नेत्यांची आपल्याला सवय आहे. ४० वर्षांची परवाना पद्धत प्रस्तावनेच्या आडून मोडणारा नेता दुर्मीळ, आणि संसदेत तरबेज. जुलैच्या मध्यावर विश्वासदर्शक ठराव जिंकतानाही विरोधी पक्ष एकमेकांबरोबर मतदान करणार नाहीत, हे त्यांनी अचूक हेरले होते.

सगळेच टिकले असे नाही. खतांच्या किमती अर्थसंकल्पात ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या. काँग्रेसचेच खासदार उठले, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला वाढ ३० टक्क्यांवर आणून लहान व सीमांत शेतकऱ्यांना तिच्यातून वगळण्यात आले. ही माघार म्हणजे दुबळेपणा, असे काही अर्थतज्ज्ञ आजही म्हणतात. प्रस्तुत लेखकाला ती योग्य वाटते, कारण तिने चौकट न मोडता दाब कमी केला. दुसरीकडे, या निर्णयांची किंमत सामान्य माणसाने मोजली हे विसरता येणार नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये महागाईचा दर १६ टक्क्यांच्या पुढे गेला आणि त्या वर्षीचा विकासदर दीड टक्क्याच्याही आत राहिला. पण या यातनांपैकी अवमूल्यनाने किती आल्या आणि आधीच्या वर्षभरातल्या आयात-कोंडीने किती, हा हिशेब कोणी वेगळा मांडून दाखवत नाही. दिरंगाईचे बिल नेहमी निर्णय घेणाऱ्याच्या नावाने फाडले जाते. मार्च १९९२ पर्यंत परकीय चलनाची शिल्लक ५०० कोटी डॉलरच्या पुढे गेली, आणि सोन्यावरचे कर्ज तर त्याआधीच फिटले होते.

मग १९९० मध्ये जे साधले नाही ते १९९१ मध्ये का साधले? तयार कागद दोन्ही वेळा होते. अल्पमत दोन्ही वेळा होते. तज्ज्ञही बहुतांशी तेच होते. बदलले ते एवढेच की वाट पाहण्याचा भाव रोज सकाळी रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यावर लिहून येऊ लागला. देणी कोणत्या तारखेला फेडायची आहेत आणि शिल्लक किती आहे हे दोन आकडे समोर असताना चालढकल करणे म्हणजे दिवाळखोरीची तारीख ठरवणे होते. पुढे ढकलण्याची सोय संपली तेव्हा एका सावध माणसाने धाडस केले, आणि ते चांगले केले. मात्र ती सोय शिल्लक असताना त्याच माणसाने काय केले, हे पाहिल्याशिवाय त्याच्या निर्णायकपणावर शेवटचा शेरा मारता येत नाही. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

नोव्हेंबर १९९२ मध्ये अयोध्येत कारसेवेची तयारी सुरू होती. केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या देखरेखीखाली वादग्रस्त वास्तू केंद्रीय दलांच्या ताब्यात घेण्याची आणि त्यासाठी राष्ट्रपती राजवट लागू करण्याची आकस्मिक योजना तयार होती. कागद होता, तज्ज्ञ होते, दलांच्या तुकड्याही फैजाबादजवळ येऊन थांबल्या होत्या. पण या खेपेला वाट पाहण्याचा भाव कोणत्याही तक्त्यावर लिहून येत नव्हता. उत्तर प्रदेशातील कल्याणसिंह यांच्या सरकारने वास्तूच्या रक्षणाची सर्वोच्च न्यायालयाला दिलेली हमी हाताशी होती, निवडून आलेले राज्य सरकार बरखास्त करण्यातली घटनात्मक जोखीम खरी होती, आणि साधूंशी, मध्यस्थांशी बोलणी चालूच होती. थांबायला सबळ कारणे असलेला प्रत्येक दिवस शहाणपणाचा वाटत होता. रावांनी योजनेवर सही केली नाही. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू झाली ती ६ डिसेंबरच्या संध्याकाळी, मशीद पडल्यानंतर.